विमानतळाची भिंत सरकण्याआधी: बिजासन परिसरातील रहिवाशांच्या प्रश्नांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळालगतच्या आपल्या वसाहतीतील मराठी कुटुंबांच्या वतीने आपण जे विचारले आहे, त्याचा गोषवारा असा: धावपट्टी वाढणार अशी चर्चा कानावर येते, पटवारी (म्हणजे तलाठी) दोनदा येऊन मोजमाप करून गेले, काही घरांच्या भिंतींवर लाल रंगाने आकडे घातले गेले, पण लेखी कुणीच काही देत नाही. घर जाईल का, गेले तर काय मिळेल, राहिले तर मुलासाठी वरचा मजला चढवता येईल का, आणि रात्रीच्या विमानांनी वडिलांची झोप उडाली आहे त्याचे काय करावे, असे चार प्रश्न आपण केले आहेत. जमिनीचे मूल्यांकन आणि बांधकाम परवानग्या या कामांत माझी तीसहून अधिक वर्षे याच शहरात गेली. त्या अनुभवावरून, आणि आपल्या क्रमाने न जाता माझ्या क्रमाने, उत्तर देतो.

माझा क्रम वेगळा आहे याला कारण आहे. विमानतळाचा विस्तार म्हटला की सगळ्यांचे लक्ष ज्या रेषेवर नवी भिंत उभी राहणार त्या रेषेकडे लागते. रेषेच्या आत ज्याचे घर येते त्याला कायद्याने मोबदला आहे, नोटीस आहे, सुनावणी आहे. रेषेच्या बाहेर, अगदी वीस पावलांवर ज्याचे घर राहते, त्याला यांतले काहीही नाही. आणि तरी त्याच्या घराची उंची, त्याची झोप, त्याच्या गल्लीतून वाहणारे पाणी आणि त्याचा शेताकडे जाणारा रस्ता या चारही गोष्टी बदलतात. आपल्या वसाहतीतील बहुतेक घरे मला या दुसऱ्या गटात येतील असे वाटते, आणि आपल्या चार प्रश्नांपैकी दोन त्याच गटाचे आहेत. म्हणून आधी बाहेरच्यांचे बोलतो.

विमानतळासाठी बिजासनची जागा होळकर संस्थानाने १९३५ मध्ये निवडली आणि जुलै १९४८ पासून इथून ग्वाल्हेर, दिल्ली व मुंबईला विमाने जाऊ लागली. त्या वेळी टेकडीवरचे देवीचे मंदिर आणि भोवतालची शेते एवढेच शेजारी होते. आजची धावपट्टी सुमारे २७५० मीटरची आहे, म्हणजे ती आजवर वाढतच आली आहे. तेव्हा ती पुन्हा वाढणार असेल तर विचारायचे ते हे की कोणत्या टोकाला, किती मीटर, आणि उतरण्याची खूण, जिला विमानवाले थ्रेशोल्ड म्हणतात, ती जागची हलणार की नाही. या तीन आकड्यांवाचून झालेली कोणतीही चर्चा हवेतली आहे, आणि ते आकडे मिळवण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करणे हे आपल्या समितीचे पहिले काम असावे.

हे तीन आकडे इतके महत्त्वाचे का, ते उंचीच्या हिशेबातून लक्षात येईल. विमान उतरताना जो उतार धरते त्याच्या खाली एक तिरपा काल्पनिक पृष्ठ कल्पिलेला असतो आणि कोणतेही घर, झाड, टाकी किंवा मोबाइलचा मनोरा त्यातून वर डोकावता कामा नये असा नियम आहे. मोठ्या, उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय असलेल्या धावपट्टीसाठी हा पृष्ठ टोकापलीकडे ६० मीटरवर सुरू होतो आणि पहिले तीन किलोमीटर शंभराला दोन या चढाने वर जातो. म्हणजे तो जिथे सुरू होतो तिथून एक किलोमीटरवर ज्याचे घर आहे त्याच्या डोक्यावर, जमीन सपाट धरली तर, वीस मीटर मोकळे आहेत. तिथे तळमजल्यावर पाच मजले सहज बसतात. आता धावपट्टी त्याच टोकाला ५०० मीटर वाढली आणि थ्रेशोल्डही तेवढेच सरकले, तर तोच माणूस त्याच घरात बसून एक किलोमीटरऐवजी अर्ध्या किलोमीटरवर येतो आणि त्याच्या डोक्यावरचे वीस मीटर दहा होतात. त्याची एक इंचही जमीन गेलेली नाही, त्याला एकही नोटीस आलेली नाही, आणि तीन मजले गेले.

म्हणून थ्रेशोल्डचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारायला सांगतो. वाढवलेला भाग केवळ उड्डाणाच्या धावेसाठी वापरून उतरण्याची खूण जुन्याच जागी ठेवता येते. जगात पुष्कळ ठिकाणी तसे केलेले आहे. तसे झाले तर उतरण्याचा पृष्ठ हलत नाही. उड्डाणाचाही एक वेगळा पृष्ठ असतो आणि तोही तपासावा लागतो, त्यामुळे हा उपाय रामबाण आहे असे मी म्हणणार नाही, परंतु रहिवाशांनी लेखी मागावी अशी ही एक नेमकी, तांत्रिक आणि खर्च न वाढवणारी गोष्ट आहे. ‘आमचा विस्ताराला विरोध आहे’ या एका वाक्यापेक्षा असा एक मुद्दा सुनावणीत अधिक वजनदार ठरतो, हा माझा अनुभव.

धावपट्टी ५०० मीटर वाढली म्हणजे जमीनही ५०० मीटरच लागते, अशी दुसरी एक समजूत आहे. टोकापलीकडे ६० मीटरची पट्टी, तिच्यापुढे विमान घसरले तर थांबावे म्हणून किमान ९० आणि शिफारशीप्रमाणे २४० मीटरचे सुरक्षाक्षेत्र, आणि खराब दृश्यतेत वैमानिकाला वाट दाखवणाऱ्या दिव्यांची रांग, जी पूर्ण स्वरूपात ९०० मीटर लांब असते, एवढे सगळे पुढे जाते. दिव्यांच्या रांगेसाठी सलग रुंद जमीन लागत नाही, अरुंद पट्टा पुरतो, पण तो पट्टा कुणाच्या तरी वाड्यातूनच जातो. भिंतीवरचे लाल आकडे अनेकदा या दिव्यांच्या रेषेचे असतात आणि लोक ते धावपट्टीचे समजून घाबरतात.

आता आपल्या वरच्या मजल्याविषयी. विमानतळाच्या परिसरातील बांधकामाची उंची केंद्र सरकारच्या २०१५ च्या उंचीनिर्बंध नियमांनी ठरते. विमानतळ प्राधिकरणाने विमानतळाभोवतालच्या परिसराचा चौकोनांत विभागलेला रंगीत नकाशा केला आहे आणि त्या-त्या चौकोनात लिहिलेल्या उंचीपर्यंत महापालिका स्वतः परवानगी देऊ शकते. त्यावर जायचे असेल, किंवा जागा धावपट्टीलगतच्या लाल पट्ट्यात असेल, तर प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून घ्यावे लागते. इथे दरवर्षी चांगली शिकलेली माणसे फसतात, म्हणून सावकाश सांगतो. नकाशातला आकडा घराची उंची नव्हे, ती समुद्रसपाटीपासूनची उंची असते. इंदूर स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. समजा आपल्या चौकोनात ५८० लिहिले आहे आणि आपल्या अंगणाची उंची ५६३ मीटर आहे, तर आपल्याला १७ मीटर मिळतात, आणि त्या सतरात पाण्याची टाकी, जिन्याची खोली, अँटेना आणि वीजवाहक काठी हे सर्व आले. टेकडीच्या चढावर घर असेल तर अंगणाची उंची वाढते आणि तेवढेच घर खुजे होते.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांचे प्रकरण माझ्याकडे आले. त्यांच्या अर्जाचे काम पाहणाऱ्याने अंगणाची उंची मोबाइलवर पाहून लिहिली होती. उपग्रहावरून मिळणारी उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची या दोन निराळ्या गोष्टी असून मध्य भारतात त्यांत पन्नासेक मीटरचा फरक पडतो, हे त्या गृहस्थाला माहीत नव्हते. अर्ज परत आला, दुसऱ्यांदा घाईत केलेल्या मोजणीत चार मीटर जास्त धरले गेले, आणि मास्तरांचा दुसरा मजला कागदावरच छाटला गेला. शेवटी जवळच्या सर्वेक्षण खुणेपासून लेव्हल मशीनने उंची आणून, नवा दाखला जोडून, तिसरा अर्ज केला तेव्हा काम झाले. आठ महिने गेले. तेव्हा मजला चढवायचा असेल तर पहिला खर्च आर्किटेक्टवर करू नका, उंचीच्या अधिकृत दाखल्यावर करा, आणि विस्ताराचा निर्णय होण्यापूर्वी आजच्या नकाशाप्रमाणे परवानगी घेऊन ठेवा. ना-हरकत प्रमाणपत्राची मुदत आठ वर्षांची असते. आधी कायदेशीर उभे असलेले बांधकाम नंतर कमी करायला लावले तर नुकसानभरपाई मागता येते. न बांधलेल्या मजल्याची भरपाई मिळालेली मात्र मी माझ्या कारकिर्दीत पाहिलेली नाही.

आवाजाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे कायदा आपल्या बाजूने वाटतो आणि प्रत्यक्षात तितका नसतो. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिनियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि तक्रार करणारा प्रत्येक रहिवासी तीच पुढे करतो. परंतु विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी केंद्राने जून २०१८ मध्ये वेगळी मर्यादा ठरवली आहे: वर्षाला ५०,००० हून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळांना दिवसा ७० आणि रात्री ६५, इतर चालू विमानतळांना दिवसा ६५ आणि रात्री ६०. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने त्याच वर्षी विमानांच्या रात्रीच्या आवाजासाठी ४० डेसिबलची शिफारस केली होती, हे शेजारी ठेवले की आपली मर्यादा किती सैल आहे ते कळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे आकडे सरासरीचे आहेत. एक साधा हिशेब मांडतो. समजा एक विमान आपल्या गच्चीवरून जाताना वीस सेकंद ८५ डेसिबलचा आवाज होतो, म्हणजे घरात बोलणे थांबवावे लागेल इतका. सकाळी सहा ते रात्री दहा या सोळा तासांत अशी तीस विमाने गेली आणि उरलेला वेळ पूर्ण शांतता धरली, तर सरासरी साधारण ६५ येते. रात्रीच्या आठ तासांत अशी चार विमाने गेली तर सरासरी ६० च्या किंचित आतच राहते. आपले वडील चार वेळा दचकून उठतील, चौथ्यांदा उठल्यावर पुन्हा झोपणारही नाहीत, आणि अहवालात ‘मर्यादेच्या आत’ असे लिहिले जाईल, ते खोटेही नसेल. म्हणून मी रहिवाशांना सांगतो की ‘आवाज मर्यादेबाहेर आहे’ ही लढाई सहसा लढू नका. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत किती विमाने आली, प्रत्येकाचा कमाल आवाज किती होता, याची नोंद मागा आणि स्वतः ठेवा. विस्तारानंतर आवाज वाढला की नाही हे सिद्ध करायचे तर विस्तारापूर्वीचा आवाज आज मोजलेला असला पाहिजे. तो दिवस गेला की परत येत नाही.

नोंद कशी ठेवावी तेही सांगतो. वसाहतीने वर्गणी काढून एक साधे ध्वनिमापक घ्यावे आणि ते अचूक मोजते याचा तपासणी-दाखला जपून ठेवावा, कारण मोबाइलच्या ॲपवरचे आकडे सुनावणीत कुणी विचारात घेत नाही. गच्चीवर, भिंतीपासून काही अंतरावर, कमरेपेक्षा उंच तिपाईवर ते ठेवावे. शंभर पानी वहीत तारीख, वेळ, विमान उतरत होते की उडत होते, कमाल आकडा, आणि त्या वेळी वारा कुठून होता, एवढे पाच रकाने आखावेत. वाऱ्याचा रकाना लोक वगळतात आणि तिथेच चूक होते. विमान वाऱ्याला सामोरे उतरते आणि सामोरेच उडते. आपली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो तेव्हा विमाने शहराच्या बाजूने येऊन उतरतात, आणि थंडीत वारा फिरला की तीच बाजू उड्डाणाची होऊ शकते. डिसेंबरात सात दिवस मोजून ‘आमच्याकडे आवाज कमी आहे’ असा निष्कर्ष निघालेला अहवाल मी पाहिला आहे, आणि मोजणी करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने ऋतू विचारात घेतला नव्हता इतकेच. दोन ऋतूंत निदान पंधरा-पंधरा दिवस मोजावे.

घरातल्या घरात करण्यासारखे एकच काम उपयोगी आहे: खिडकी. नऊ इंची विटांच्या भिंतीतून आवाज फारसा येत नाही, तो सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या फटींतून येतो. वडिलांच्या खोलीपुरती तरी घट्ट बसणारी, रबरी कड असलेली, जाड काचेची उघडझाप खिडकी बसवून पाहा. कवेलूचे, म्हणजे कौलांचे, छप्पर असेल तर मात्र खिडकीने भागणार नाही. अगदी टोकाजवळच्या घरांना तर मोठ्या विमानामागून येणाऱ्या हवेच्या भोवऱ्याने कवेलू सरकण्याचाही त्रास होऊ शकतो. तसे झाले तर त्याच दिवशी फोटो आणि पंचनामा करून घ्यावा.

पाणी आणि रस्ता यांच्याबद्दल थोडक्यात. पाचशे मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद काँक्रीटवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वाअकरा लाख लिटर पाणी एका तासात कुठेतरी जायला हवे, म्हणजे दहा हजार लिटरचे एकशे बारा टँकर. आज ते पाणी काळ्या मातीत मुरते. उद्याच्या आराखड्यात नाल्याची दिशा आणि मोरीची रुंदी काय दाखवली आहे हे रहिवाशांनी पाहिलेच पाहिजे. रस्त्याचे म्हणाल तर बांगडदा, नैनोद यांसारख्या लगतच्या गावांत ज्यांची शेते भिंतीपलीकडे राहतील त्यांनी तहसीलमधून गावचे ‘वाजिब-उल-अर्ज’, म्हणजे गावाच्या रूढ हक्कांचा कागद, काढून घ्यावे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेखाली गावाच्या वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क या कागदात नोंदलेले असतात. गावरस्ता भिंतीने बंद होण्यापूर्वी हा कागद हाती असलेल्या गावाला पर्यायी रस्ता मागता येतो. नसलेल्या गावाला रस्ता होता हे सिद्ध करण्यातच वर्षे जातात.

आता रेषेच्या आतल्यांकडे येतो. खाजगी जमीन सक्तीने घ्यायची असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणेच घ्यावी लागते. आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, मग कलम ११ खालची प्रारंभिक अधिसूचना, तिच्यावर ६० दिवसांत कलेक्टरकडे लेखी हरकती आणि त्यांची सुनावणी, मग घोषणा, आणि घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, असा क्रम आहे. तातडीचे कलम दाखवून हे टप्पे ओलांडता येतात अशी भीती घातली जाते. ते कलम संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेच्या मंजुरीने अन्य आणीबाणी यांच्यापुरते आहे, नेहमीच्या नागरी विमानतळ-विस्ताराला लागू नाही. पटवाऱ्यांनी मोजमाप केले म्हणजे संपादन सुरू झाले असेही नाही. अधिसूचना निघेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. मात्र सरकार आपसी सहमतीने थेट खरेदीही करू शकते. तो मार्ग आला तर हे टप्पे लागत नाहीत आणि सही करण्यापूर्वीच भाव ठरवावा लागतो, म्हणून कोणत्या मार्गाने जमीन मागत आहेत हे पहिल्या बैठकीतच विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे.

मोबदल्याचा पाया असतो बाजारभाव, आणि तो कलेक्टर गाइडलाइन (मुद्रांकशुल्कासाठी सरकारने ठरवलेला भाव) किंवा लगतच्या भागातील मागील तीन वर्षांच्या रजिस्ट्रींपैकी (नोंदणीकृत खरेदीखतांपैकी) चढ्या भावाच्या निम्म्या रजिस्ट्रींची सरासरी, यांपैकी जो जास्त असेल तो. ग्रामीण जमिनीला राज्याने ठरवलेला गुणांक लागतो. जमीन आणि तीवरील बांधकाम, झाडे यांच्या एकूण किमतीवर शंभर टक्के सांत्वनरक्कम, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम, मिळते आणि जमिनीच्या भावावर वर्षाला १२ टक्के दराने वाढीव रक्कमही. हे ऐकायला बरे वाटते. पण आपल्या भागात वर्षानुवर्षे लोकांनी मुद्रांकशुल्क वाचवण्यासाठी रजिस्ट्री गाइडलाइनच्या भावाने केली आणि उरलेली रक्कम रोखीने दिली-घेतली. आता तीन वर्षांच्या रजिस्ट्री काढल्या की सगळ्या गाइडलाइनवरच उभ्या दिसतात, आणि प्रत्यक्ष भाव दुप्पट होता हे सांगायला एकही कागद राहत नाही. शेजाऱ्याने वाचवलेल्या मुद्रांकशुल्काची किंमत पूर्ण गल्लीने मोजायची, असा हा प्रकार आहे. पुढच्या काळात कुणी व्यवहार करणार असेल तर त्याला खऱ्या भावाने रजिस्ट्री करायला सांगा.

मराठी घरांत कागदांची एक खास अडचण असते, ती मी इथे मुद्दाम लिहितो. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, पणजोबांचे नाव ‘राव’ लावून असते, रजिस्ट्रीत आजोबांचे नाव वडिलांच्या नावासकट, आधारवर नुसते नाव-आडनाव, आणि हिंदीत लिहिताना पटवाऱ्याने आडनावाचे शुद्धलेखन आपल्या कानाला आले तसे केलेले असते. एकाच घराण्याची चार माणसे कागदावर चार अनोळखी माणसे होतात. होळकर दरबारच्या काळातील मोडी सनदा काही घरांत आहेत, त्या अवश्य जपाव्यात, पण मोबदला त्यावर मिळत नाही. तो खसऱ्यात भूमिस्वामी म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्या नावे निघतो. म्हणून नामांतरण, वारसांची नोंद आणि नावांतील फरकाचे शपथपत्र ही कामे आजच करावीत. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी स्थायिक झालेल्या भावंडांची संमतिपत्रेही आत्ताच मागवावीत, निवाड्याच्या वेळी ती वेळेवर येत नाहीत आणि पैसा न्यायाधिकरणात जमा होऊन पडतो. नोटरीवर घेतलेला प्लॉट असेल तर जमिनीचा मोबदला मिळणे कठीण, तथापि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणून वीजबिल, नळपट्टी, मुलांच्या शाळेचे दाखले असतील तर पुनर्वसनाचे हक्क मागता येतात.

दोन कलमे प्रत्येक घराने पाठ करावीत अशी आहेत. कलम ९४ प्रमाणे घराचा काही भागच संपादनात येत असेल आणि मालकाची इच्छा असेल, तर सरकारला संपूर्ण घर घ्यावे लागते. स्वयंपाकघर गेले आणि ओटला राहिला अशी वेळ कुणावर येऊ नये म्हणून ते आहे, पण मागणी आपणच करायची असते. दुसरे कलम ७७. मोबदला कमी वाटत असेल तर तो स्वीकारताना ‘आक्षेपासह स्वीकारला’ असे पावतीवर लिहावे लागते. तसे न लिहिता पैसे घेतले तर वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा मार्ग बंद होतो. एका जुन्या संपादनात छापील पावतीवर ‘पूर्ण समाधानाने’ असे शब्द आधीच होते आणि एका खेड्यातल्या सत्तावीस जणांनी रांगेत उभे राहून त्यावर सह्या केल्या. अठ्ठाविसाव्या आजीबाईंनी, वाचता येत नव्हते म्हणून, नातवाला बोलावून आणले. त्याने ते शब्द खोडून बाजूला आक्षेप लिहिला. लिपिकाने कुरकुर केली, पण पावती घेतली. पुढे वाढीव रकमेसाठी अर्ज फक्त त्या आजीबाईंचा चालला. निवाडा जाहीर होताना आपण हजर असाल तर त्या दिवसापासून सहा आठवड्यांत हा अर्ज करायचा असतो, ही मुदतही लक्षात असू द्या.

विस्ताराला पर्यावरण मंजुरी लागणार असेल आणि त्यासाठी जनसुनावणी ठरली, तर तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो, अध्यक्षस्थानी कलेक्टर किंवा अपर जिल्हा दंडाधिकाऱ्याखालचा नसलेला प्रतिनिधी असतो, आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. किती लोक आले याला महत्त्व नाही, गणपूर्तीची अट नाही. कोणता मुद्दा कागदावर गेला याला आहे. शंभर जणांनी एकाच मजकुराच्या छापील पत्रांवर सह्या करण्यापेक्षा वीस जणांनी आपापल्या घराचा क्रमांक, अंतर, उंची आणि ध्वनीची नोंद देऊन वीस वेगळी पत्रे द्यावीत, आणि प्रत्येकाची पोच घ्यावी. पक्ष्यांचा मुद्दाही मांडण्यासारखा आहे. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर ही दोन्ही पाणथळे २०२२ पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी येतात, आणि पक्षी व विमाने यांचे आकाश एकच असते. अहवालात या दोन्ही तलावांतील पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वेळा आणि उंची दिलेली आहे का, ते पाहा. नुसती पक्ष्यांची नावे दिली असतील तर ती यादी आहे, अभ्यास नाही. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा सारांश लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो वाचून होईपर्यंत मंडपातून उठू नका, कारण आपला मुद्दा त्यात आला नाही हे सांगण्याची तीच वेळ असते.

मंडळी विचारतील की विकून मोकळे का होऊ नये. विस्ताराच्या बातमीने सध्या दोन्ही प्रकारचे दलाल फिरत आहेत: एक सांगतो घर जाणार, मिळेल त्या भावाला द्या, दुसरा सांगतो भाव तिप्पट होणार, आणखी एक प्लॉट घ्या. दोघांकडेही धावपट्टीचे ते तीन आकडे नाहीत. प्रारंभिक अधिसूचना निघाल्यावर त्या क्षेत्रातील व्यवहारांवर बंदी येते, त्यामुळे घाईने घेतलेला प्लॉट नेमका त्या रेषेत सापडला तर इसाराचे पैसेही अडकतात.

आपल्या चारही प्रश्नांना मिळून माझा सल्ला असा की या महिन्यात माहितीचा अर्ज, अंगणाच्या उंचीचा दाखला आणि खसऱ्याची ताजी प्रत ही तीन कामे व्हावीत. ध्वनीची वही पहिल्या पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर सुरू करावी. माहितीच्या अर्जाचे उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. ते आले की नकाशासकट माझ्याकडे पाठवा, म्हणजे आपल्या वसाहतीतील कोणत्या घरावर किती मीटर उरतात ते घरनिहाय मांडून देता येईल. टेकडीच्या चढावरची घरे आणि खालच्या गल्लीतली घरे यांचे उत्तर एकसारखे येणार नाही, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे.